पिवळे साहेब आणि देवीची विहीर

गेल्या वर्षी चैत्रात, गावदेवीच्या जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी, पनवेलजवळच्या एका गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरल्याचे उघड झाले. साथीत दोघी दगावल्या. एक गावातली वृद्धा, दुसरी ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवरची लहान मुलगी. त्याच आठवड्यात त्या भागातल्या पाण्याची आणि सफाईची देखरेख करणारे मुख्य स्वच्छता निरीक्षक निलंबित झाले. जत्रेच्या आदल्या दिवशी गावच्या विहिरीत जंतुनाशक पावडर टाकली गेली नाही, असा आरोप त्यांच्यावर होता. पावडर टाकली गेली नव्हती, हे खरे आहे.

चौकशी संपलेली नाही, म्हणून इथे त्यांचे नाव नाही आणि गावाचेही नाही. नावाने त्यांना तसेही थोडेच लोक ओळखत. आसपासच्या गावांत ते ‘पिवळे साहेब’ होते. गावच्या बोलीत ‘पिवले सायेब’. काहींना ते त्यांचे आडनावच वाटे. त्यांच्या घरी येणाऱ्या लग्नपत्रिकांपैकी काहींवर ‘श्री. पिवळे आणि परिवार’ असे लिहिलेले असायचे. त्यांच्या पत्नी त्या पत्रिका वेगळ्या काढून ठेवत. म्हणत, “या लग्नांना जायलाच हवं. ही माणसं यांना कामामुळे ओळखतात.”

नावाचे कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. बोटाएवढी काचेची बाटली. त्यातल्या औषधाचे काही थेंब पाण्यात टाकले आणि पाण्यात पुरेसे क्लोरीन असले, की पाणी पिवळे होते. झाले नाही, तर त्या पाण्यात पावडर पडलेली नाही. आरोग्य खात्यातल्या प्रत्येक माणसाला ही चाचणी माहीत असते. ती कामावर असताना करायची असते. पिवळे साहेब ती कुठेही करत. कोणाच्याही घरी गेले आणि पाण्याचा तांब्या पुढे आला, की आधी थोडे पाणी नळीत घेत, थेंब टाकत आणि नळी उजेडाकडे धरून वाट पाहत. पाणी पिवळे झाले, तर म्हणत, “झालं. आता चहा टाका.” झाले नाही, तर पाणी पीत नसत आणि उठतही नसत. नळ कुठून आला, पाइप कुठल्या गटारातून गेला, टाकी कधी धुतली, हे विचारत बसत. यजमान बिचारे भरलेला तांब्या घेऊन उभे.

मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ते विचुंब्याला नव्या इमारतीत गेले तेव्हाही बाटली खिशात होती. होणाऱ्या व्याह्यांनी पाणी दिले. पिवळे साहेबांच्या पत्नीने डोळ्यांनी खुणावले, पण उपयोग झाला नाही. पाणी पिवळे झाले नाही. मग पिवळे साहेब म्हणाले, “पाणी पसंत नाही. माणसं पसंत आहेत.” ही हकिकत मला व्याह्यांनीच सांगितली आणि वर म्हणाले, “साखरपुड्याच्या आधी आमच्या अख्ख्या सोसायटीची टाकी धुऊन झाली. सेक्रेटरी अजून विचारतो, तुमच्याकडे दुसरं स्थळ कधी येणार?”

मी तेव्हा एका दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर होतो. त्यांना प्रथम पाहिले ते एका पत्रकार परिषदेत. टेबलावर थंड पाण्याचा जार होता. सगळ्यांत मागे उभा असलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस पुढे आला, जारातले पाणी तपासले आणि जार उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला. बोलत असलेले अधिकारी थांबले. “अहो, ते विकतचं पाणी आहे.”

“विकतचं आहे, साहेब. चांगलं आहे असं कोणी म्हटलेलं नाही.”

अधिकारी पुढे बोलू लागले. विषय शहरातल्या शुद्ध पाणीपुरवठ्याचा होता.

सकाळी साडेसहाला हजेरीच्या शेडमध्ये सफाई कामगार जमत. पिवळे साहेब हजेरी घेताना तोंडाकडे पाहत नसत, हातांकडे पाहत. “हात दाखवा.” बोटाला कापलेले असेल, तळव्याला चीर असेल, तर त्या दिवशी त्या माणसाला गटारात उतरवत नसत, झाडू देत. कामगार हात पुढे करून चेष्टा करायचे. एक बाई म्हणायची, “साहेब, नीट बघा, दुसरा योग आहे का माझ्या हातात?” पिवळे साहेब गंभीरपणे पाहून सांगत, “योग आहे, पण धनुर्वाताचा. इंजेक्शन घेऊन या.” हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. ते स्वतः हसल्याचे मी पाहिलेले नाही.

शेडमधून निघाले की त्यांची पहिली फेरी औषधांच्या दुकानांकडे असे. जुलाबाच्या गोळ्या आणि क्षारांच्या पुड्या काल नेहमीपेक्षा जास्त गेल्या का, एवढेच ते विचारत. दवाखान्यांचे आकडे वरपर्यंत पोचायला दिवस लागतात; दुकानदाराला त्याच संध्याकाळी कळते. त्या गावच्या नाक्यावरचा दुकानदार त्यांना लांबून पाहूनच ओरडायचा, “मंदी आहे, साहेब, मंदी!” हे ऐकले की ते पुढच्या दुकानाकडे वळत.

ते कधी आवाज चढवत नसत. एखादे म्हणणे ऐकले गेले नाही, की म्हणत, “मी परत सांगतो.” आणि तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच आवाजात पुन्हा सांगत. ज्या बिल्डरला त्यांनी ड्रेनेजची जोडणी दुरुस्त करायला सांगितली होती, त्याने त्यांच्या तोंडावर फोन लावून एका पुढाऱ्याकडे तक्रार केली. फोन संपेपर्यंत ते उभे राहिले. मग म्हणाले, “मी परत सांगतो. तुमचा मैला नाल्यात जातोय.” कार्यालयात याची नक्कल होत असे. त्यांचा आग्रह अनेकांना त्रासदायक वाटायचा, हेही नोंदवायला हवे. बढतीच्या वेळी दोनदा त्यांच्या खालची माणसे पुढे गेली.

आता विहिरीबद्दल.

गाव पूर्वी शेतीचे आणि मिठागरांचे. जमिनी गेल्या, मोबदला आला, घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत भाडेकरू आले. नळ आले. विहीर मात्र राहिली, कारण ती देवीची. गाव तिला नुसते ‘बाव’ म्हणते. एरवी तिचे पाणी कोणी पीत नाही. पण चैत्रातल्या जत्रेचे गावजेवण तिच्याच पाण्यावर शिजते आणि त्या दिवशी प्यायलाही तेच पाणी असते. नळाचे पाणी देवीला चालत नाही. आदल्या संध्याकाळी गावातल्या बायका विहिरीची पूजा करतात. पूजा झाली की गावजेवणाच्या पंगती उठेपर्यंत विहिरीत कोणी काहीही टाकायचे नाही, हा रिवाज आहे.

विहिरीच्या वरच्या अंगाला एक इमारत आहे. तिच्या संडासांचा शोषखड्डा विहिरीपासून फार तर हाकेच्या अंतरावर. चैत्रात विहिरीचे पाणी खाली जाते आणि खड्ड्यातले पाणी जमिनीतून तिच्याकडे झिरपते. पिवळे साहेबांनी त्या इमारतीला नोटिसा दिल्या होत्या. इमारत गावचे माजी सरपंच नाना यांच्या पुतण्याची आहे. नोटिशीला उत्तर मिळे, “खड्डा हाय ना? उघड्यावर तं नाय ना सोडलाय?”

विहीर बंद करता येत नाही, हे ओळखून पिवळे साहेबांनी वाट काढली होती. जत्रेचा स्वयंपाक ज्यांच्या हाताखाली होई त्या आक्कांकडे ते गेले. आक्का सत्तरीच्या, नाकात मोठी नथ, आवाज पाखाडीच्या, म्हणजे गल्लीच्या, टोकापर्यंत ऐकू जाणारा. पिवळे साहेबांनी त्यांना सांगितले, की पावडर पालिकेच्या माणसाने टाकायची गरज नाही. तुम्ही टाका, पूजेच्या आधी टाका. आक्कांनी पावडर हुंगली आणि तोंड फिरवले. “देवीच्या बावीन ह्या वास मारनारा टाकू?”

“आक्का, मी परत सांगतो. पूजेच्या आधी. पूजेला बसण्याआधी आपण आंघोळ करतो ना? साबणाला वास असतोच.”

आक्कांनी पावडर पुन्हा हुंगली. मग म्हणाल्या, “म्हंजे देवीची आंघोल.”

तेव्हापासून दर चैत्रात पूजेच्या दिवशी दुपारी पालिकेची बादली यायची. पिवळे साहेब बादलीत पावडर कालवायचे, पावडरीतला चुना तळाला बसू द्यायचे आणि वरचे निवळ पाणी आक्का स्वतःच्या हाताने विहिरीत सोडायच्या. त्या वेळी तिथे दुसरे कोणी थांबायचे नाही, कारण आंघोळ पाहायची नसते. हा नियम आक्कांनी घातला. गावाने तो मान्य केला. त्यामुळे देवीची आंघोळ कशी होते, हे गावात आक्का सोडून कोणालाच माहीत नव्हते.

गेल्या वर्षी जत्रेच्या थोडे आधी आक्कांचे दीर वारले. घराला सुतक लागले. आक्कांना विहिरीला हात लावता येणार नव्हता.

त्याच दिवसांत शहराच्या स्वच्छतेची पाहणी करायला बाहेरून एक पथक येणार होते. सगळे स्वच्छता निरीक्षक पथकाच्या मार्गावर लावले गेले. पिवळे साहेबांना एसटी स्टँडजवळच्या भिंती रंगवून घ्यायचे काम मिळाले. जत्रेच्या गावात जायचे आहे, असे त्यांनी वरिष्ठांना सांगितले. परत सांगितले. उत्तर आले, “मुकादमाला पाठवा. बादलीच पोचवायची आहे ना?”

शांताराम मुकादम ठेकेदाराकडचा माणूस, अनेक वर्षे पिवळे साहेबांच्या हाताखालचा. त्याने दुपारी पावडरीची बादली गावात पोचवली. आक्का सुतकात, म्हणून शेजारच्या घरातल्या एका सुनेकडे बादली दिली आणि सांगितले, “आक्का करतात तसं करा.” त्याला लगेच परत जायचे होते, पथकाच्या रस्त्यावर त्याचीही नेमणूक होती. सून त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. आक्का काय करतात, हे तिला ठाऊक नव्हते. तिने चार बायकांना विचारले. त्यांनाही ठाऊक नव्हते. पण पालिकेची पांढरी पावडर सगळ्यांनी पाहिलेली होती. कोणी मोठा माणूस येणार असला, की रस्त्याच्या दोन्ही कडांना पालिका ती मारते. पावडर म्हणजे पांढरी रेघ. बायकांनी विहिरीचा काठ झाडला, पायऱ्या धुतल्या, कठड्याभोवती पावडरीच्या सरळ रेघा ओढल्या आणि देवळाकडच्या बाजूला पावडरीचे मोठे कमळ काढले. मग पूजा झाली. त्या संध्याकाळचे फोटो गावातल्या लोकांच्या मोबाइलवर आहेत. विहीर इतकी स्वच्छ पूर्वी कधी दिसली नव्हती.

पिवळे साहेब जत्रेच्या दिवशी सकाळी पोचले. मी देवळापाशी होतो. जत्रेची बातमी करायची होती. त्यांनी कमळ पाहिले आणि ते जागीच थांबले. मग विहिरीतून पाणी काढून तपासले. नळी उजेडाकडे धरली. बराच वेळ धरून ठेवली. पुन्हा पाणी काढले, पुन्हा तपासले.

मांडवात चुलींवर भाताची आणि डाळीची भांडी चढली होती. शिजलेल्या अन्नाची त्यांना काळजी नव्हती. प्यायच्या पाण्याची पिंपे भरलेली होती आणि मोठ्या पातेल्यांत मठ्ठा तयार होता. ऊन चढत होते. मठ्ठ्यात विहिरीचेच पाणी होते.

ते नानांकडे गेले. नाना खुर्चीवर बसून पावत्या फाडणाऱ्यांवर लक्ष ठेवत होते. पिवळे साहेब म्हणाले, “नाना, विहिरीत पावडर पडलेली नाही. आत्ता टाकू द्या. पाणी तासाभराने वापरा.”

“पूजा जाली, सायेब. पूजेनंतर बावीन कोन काय टाकत नाय. तुमी काल यायचा व्हता.”

“काल यायला हवं होतं. चूक आहे. आज टाकू द्या.”

“पावडर तं मारलीय की. बगा, कवरी मस्त मारलीय.”

“मी परत सांगतो, नाना. ती बाहेर आहे. आत नाही.”

त्यांनी गाडीतून दुसरी बादली आणली होती. ती घेऊन ते विहिरीकडे निघाले, तेव्हा चार तरुण आडवे आले. कोणी धक्काबुक्की केली नाही. त्यांच्यातला एक म्हणाला, “सायेब, तुमच्या अंगाला हात लावायची पाली आमच्यावर आनू नका. बादली ठेवा.” पिवळे साहेबांनी बादली खाली ठेवली. ते तिथून थेट आक्कांच्या घरी गेले. आक्का उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. सगळे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला आणि तिथूनच देवळाच्या दिशेने ओरडल्या, “अरं नाना, देवीची आंघोल रायली रं! ऐक जरा त्याचा!” देवळात लाउडस्पीकर लागला होता. आवाज पोचला नाही. पोचला असता तरी सुतकातल्या बाईच्या सांगण्यावरून रिवाज मोडला असता का, हे सांगता येत नाही.

त्यांनी टँकरसाठी फोन केला. टँकर पथकाच्या मार्गावरचे रस्ते धुवायला गेले होते. दुसरा फोन केला, तिसरा केला. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीची दोन वाक्ये नेहमीच्या आवाजात म्हणत. तिसऱ्या फोनवर त्यांचा आवाज चढला. तसा तो मी पहिल्यांदाच ऐकला. “अहो, माणसं पाणी पिणार आहेत हो! आत्ता!” पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही. त्यांनी फोन खिशात ठेवला.

शेवटी नानांनी एक सवलत दिली. पिंपातले पाणी विहिरीच्या बाहेर आलेले आहे, त्यात काय टाकायचे ते टाका. पिवळे साहेबांनी प्रत्येक पिंपात स्वतः जंतुनाशक टाकले. मठ्ठ्याचे मात्र काही करता येत नव्हते; ताकात ते काम करत नाही. “मठ्ठा ओतून द्या,” ते म्हणाले. “दुसरा मी मागवतो, बाटलीबंद पाण्यातला.” लोक हसले. देवीच्या जत्रेतला मठ्ठा कोणी ओतून देत नाही.

मग पंगती बसल्या आणि पिवळे साहेब मठ्ठ्याच्या पातेल्यापाशी उभे राहिले. वाढपी ग्लास भरून निघाला, की ते पंगतीत त्याच्या पुढे चालत आणि प्रत्येक पानासमोर वाकून सांगत, “मठ्ठा घेऊ नका. पाणी प्या, पिंपातलं. मठ्ठा नको.” काहींनी ऐकले. त्यांच्या ओळखीचा एक तरुण मोठ्याने म्हणाला, “पिवले सायेब सांगतात म्हंजे मठ्ठा झ्याक जालाय. दोन द्या!” पंगत हसली. पिवळे साहेब त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. तो ओशाळला आणि त्याने ग्लास खाली ठेवला. दुसऱ्या पंगतीला त्यांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. चौथ्या पंगतीला त्यांचा घसा बसला. ते नुसतेच मठ्ठ्याकडे बोट दाखवून मान हलवत होते. लहान मुलांना वाटले हा खेळ आहे. तीही मान हलवू लागली.

शेवटची पंगत उठायच्या आत त्यांना फोन आला. पथक एसटी स्टँडजवळ पोचले होते आणि भिंतींची माहिती द्यायला कोणी नव्हते. निघताना त्यांनी नानांच्या पुतण्याला सांगितले, की उरलेला मठ्ठा ओतून टाका. तो हो म्हणाला.

मठ्ठा ओतला गेला नाही. मांडवाच्या मागे ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवरच्या बायका भांडी घासत होत्या. त्यांना दरवर्षी उरलेले जेवण मिळते. या वर्षी मठ्ठाही मिळाला. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. प्रसाद वाया घालवायचा नसतो.

तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या औषध दुकानदाराने पिवळे साहेबांना स्वतः फोन केला. “साहेब, आज मंदी नाही,” एवढेच तो म्हणाला. दुपारपर्यंत गावात घरोघर आरोग्य खात्याची पथके फिरू लागली. पुड्या वाटल्या गेल्या, सलाइनच्या बाटल्या आल्या, आजाऱ्यांना सरकारी रुग्णालयात हलवले गेले. गावातली बहुतेक माणसे बरी झाली. आक्कांची जाऊ, ज्यांच्या नवऱ्याचे सुतक चालू होते त्याच, बऱ्या झाल्या नाहीत. सुतकात त्या जत्रेला गेल्या नव्हत्या. कोणीतरी प्रेमाने मठ्ठ्याचा तांब्या घरी नेऊन दिला होता.

पथके ओढ्यापर्यंत जाऊन परत फिरत होती. ओढ्याच्या पलीकडे पालिकेची हद्द संपते. पिवळे साहेब पुड्यांची पिशवी घेऊन ओढा ओलांडून गेले. मी त्यांच्या मागे होतो. भट्टीवर झोपड्यांच्या सावलीत तीन-चार माणसे आडवी पडली होती. ठमी नावाची बाई नुकतीच रुग्णालयातून परतली होती. तिच्या मुलीने रिक्षातच प्राण सोडला होता. पिवळे साहेब आजाऱ्यांना पाणी पाजत होते, तेव्हा ती त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने त्यांना ओळखले.

“तू तिथं होतास ना? लोकांना सांगत होतास, मठ्ठा पिऊ नका.”

“हो.”

“मी लांबून बघत होती. आयकू येत नव्हतं. भोंगा होता. मग मागं येऊन आमाला का नाय सांगितलास? मी दिला नसता तिला.”

पिवळे साहेबांनी पुडी फोडली, पाण्यात कालवली आणि तिच्या धाकट्या मुलाच्या तोंडाला लावली. तो मुलगा वाचला. अंधार पडायच्या आत त्यांनी तिथल्या सगळ्यांना गाडीत घालून रुग्णालयात पोचवले. पालिकेची गाडी हद्दीबाहेर नेल्याबद्दल त्यांच्याकडून नंतर खुलासा मागवण्यात आला.

चौकशीत त्यांना विचारले गेले, की पावडर टाकण्याचे काम कोणाकडे होते. शांताराम मुकादमाचे नाव त्यांनी घेतले असते, तर ठेकेदाराने त्याला दुसऱ्या दिवशी काढले असते आणि प्रकरण तिथेच मिटण्याची शक्यता होती, असे कार्यालयातल्या दोन जणांनी मला सांगितले. तसे त्यांना सुचवण्यातही आले होते. सुनेचे नाव घेतले असते, तर तिचे गावात काय झाले असते याचा अंदाज बांधणे कठीण नाही. ते म्हणाले, “टाकून घेण्याची जबाबदारी माझी होती. मी गेलो नाही.” त्यांना भिंतींच्या कामावर कोणी पाठवले, याचा लेखी आदेश नाही. तोंडी कोणी सांगितले, ते त्यांनी सांगितले. संबंधित अधिकाऱ्यांनी ते नाकारले.

जबाबाच्या शेवटी, आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “भांडी घासणाऱ्या बायकांना सांगायचं राहिलं.” चौकशी अधिकारी म्हणाले, की तो आरोपाचा भाग नाही. पिवळे साहेब म्हणाले, “मी परत सांगतो. भांडी घासणाऱ्या बायकांना सांगायचं राहिलं.” ते वाक्य जबाबात घेतलेले नाही. ही माहिती त्या वेळी खोलीत हजर असलेल्या कर्मचाऱ्याने दिली.

शांताराम मुकादम कामावर आहे. तो दर रविवारी त्यांच्या घरी जातो. त्याच्या सांगण्यानुसार साहेब फार बोलत नाहीत. हजेरीच्या शेडमध्ये काय चालले आहे, कोणाच्या हाताला लागले का, एवढे विचारतात. पहिल्या काही महिन्यांत ते रोज सकाळी सहाला तयार होऊन दारात बसत, असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. आता बसत नाहीत. भट्टी पावसाळ्यात बंद झाली आणि ठमीचे कुटुंब निघून गेले. ते कुठे गेले हे शोधायला पिवळे साहेब खालापूरच्या बाजूला दोनदा जाऊन आले. ठमी भेटली नाही.

यंदा जत्रेच्या आधी त्यांनी पालिकेला एक अर्ज दिला. निलंबन तसेच ठेवा, पण पूजेच्या दिवशी दुपारी मला विहिरीवर जाऊ द्या, अशी त्यात विनंती होती. गावातून विरोध होईल, या कारणाने ती नाकारली गेली. पोलिसांनी त्यांना जत्रा संपेपर्यंत गावात न जाण्याची समज दिली. त्यांनी नानांना फोन केला. नानांनी उचलला नाही. आक्का हिवाळ्यात पडल्यापासून अंथरुणावर आहेत.

इमारतीचा शोषखड्डा तिथेच आहे. पूजेच्या दिवशी सकाळी पालिकेच्या माणसांनी विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतला आणि तो तपासणीसाठी पाठवला. दुसऱ्या दिवशी गावजेवण झाले, ते विहिरीच्याच पाण्यावर. पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा अहवाल त्यानंतरच्या सोमवारी पालिकेला मिळाला.